कार्बन, कोयना आणि कॅरी बॅग

‘ऑरगॅनिक केमिस्ट्री’ हे शब्द वाचून पुढच्या पानावरच्या चारोळ्यांकडे पळायचा विचार असेल तर जरा दम धरा. इथे कुणी नेम रिअ‍ॅक्शन विचारणार नाही की मेकॅनिझमचे बाण काढायला लावणार नाही. बारावीला आपण सगळ्यांनीच हा विषय मार्कांपुरता घोकला. फर्स्ट इयरला तो ‘फ्युएल’, ‘पॉलिमर’ अशा प्रकरणांमधून परत आला आणि जर्नल सर्टिफाय होताच आपण त्याला निरोप दिला. पण त्याने आपल्याला निरोप दिलेला नाही!

आत्ता जिथे बसून हा अंक वाचताय तिथे एकदा नजर फिरवा. चादरीचा कापूस, बादलीचं प्लास्टिक, चपलेचं रबर, पेन्सिलीतलं शिसं, मेसमधल्या पोळीचं पीठ, त्यावरचं तेल, खालचा गॅस आणि कॉटवर पालथा पडलेला रूममेट. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कार्बनच्या एका अणूने शेजारच्या कार्बनच्या अणूचा हात धरलेला आहे. तो कसा धरतो, का सोडत नाही, आणि आपल्याला सोडवायचा असेल तेव्हा काय करावं लागतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या पिढीला शोधायचं आहे.

चार हात आणि कॉन्ट्री

माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ‘व्हॅलन्सी’ला मराठीत ‘संयुजा’ म्हणतात हे मला हॉस्टेलवर आल्यावर मराठी मीडियमच्या रूममेटकडून कळलं. त्याच्याच तोंडून ‘शृंखलाबंधन’ हा शब्दही पहिल्यांदा ऐकला. म्हणजे आपलं कॅटेनेशन: अणूने आपल्याच जातीच्या अणूंना धरत साखळी करत जाणं. इंग्रजी शब्द पेपरात कितीतरी वेळा लिहिला होता, पण डोळ्यांसमोर खरीखुरी साखळी उभी राहिली ती या मराठी शब्दाने.

तर कार्बनचा अणुक्रमांक ६. आतल्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन, बाहेरच्या कक्षेत चार. बाहेरची कक्षा पूर्ण व्हायला आठ लागतात. आता हा बिचारा बरोबर मधोमध अडकलेला. चार देऊन टाकायचे तर ऊर्जा प्रचंड लागते. चार बाहेरून घ्यायचे तर सहा प्रोटॉनच्या जिवावर दहा इलेक्ट्रॉन सांभाळायचे, तेही झेपत नाही. मग तो हॉस्टेलच्या पोरांसारखं कॉन्ट्री काढतो. एक इलेक्ट्रॉन तुझा, एक माझा, जोडी दोघांची. या भागीदारीला सहसंयुज बंध म्हणतात, आणि इलेक्ट्रॉनच्या जोडीची ही कल्पना अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली.

हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन आणि कार्बनला चार. एक हातवाल्याने कुणाला धरलं की साखळी तिथेच संपली. दोन हातवाल्यांची फार तर सरळ रांग किंवा एखादं रिंगण होईल. पण चार हात असले की रांग होते, रांगेला फांद्या फुटतात, जाळं होतं, सगळ्या दिशांना पसरलेला सांगाडाही होतो.

याचा हिशोब काय होतो बघा. फक्त कार्बन-हायड्रोजन आणि फक्त एकेरी बंध घेतले, रिंगणं वगळली, तर चार कार्बनची जोडणी दोन प्रकारे करता येते. दहा कार्बन घेतले तर ७५ प्रकारे. वीस घेतले तर ३,६६,३१९ प्रकारे. आणि तीस कार्बनला हाच आकडा ४११ कोटींच्या पुढे जातो! हे सगळे कुणी बनवलेले नाहीत, कागदावर शक्य आहेत इतकंच. पण निसर्गाला केवढी मोकळीक मिळाली आहे याची कल्पना येते.

१८५८ सालचे दोन तरुण

कार्बनचे अणू एकमेकांना धरतात हे आज शाळेतलं पोरगंही सांगेल. पण ते पहिल्यांदा म्हणण्यासाठी धाडस लागलं. १८५८ मध्ये ते जवळजवळ एकाच वेळी दोघांनी केलं.

पहिला ऑगस्ट केकुले, वय २८. हा गडी जर्मनीतल्या गीसेनला गेला होता आर्किटेक्चर शिकायला. तिथे लीबिग यांची केमिस्ट्रीची लेक्चर्स ऐकली आणि ब्रँच बदलली. कार्बनची संयुजा चार असते आणि कार्बनचे अणू आपसांत जोडले जातात असं त्याने मांडलं.

दुसरा स्कॉटलंडचा आर्चिबाल्ड स्कॉट कूपर, वय २७. तो पॅरिसमध्ये वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत होता. त्याने स्वतंत्रपणे तीच गोष्ट शोधली आणि फ्रेंच अकादमीसमोर मांडण्यासाठी आपला लेख वुर्ट्झ यांच्याकडे दिला. तिथे उशीर झाला. तेवढ्यात केकुलेचा लेख छापून आला. कूपर चिडला, वुर्ट्झ यांच्याशी भांडण झालं आणि प्रयोगशाळा सुटली. मायदेशी परतल्यावर त्याची तब्येत ढासळली. तो १८९२ पर्यंत जगला, पण पुन्हा कधी संशोधन करू शकला नाही. सबमिशनच्या तारखेवरून आपण कितीही विनोद करत असलो तरी ही गोष्ट वाचून हसू येत नाही. दोन अणूंच्या मध्ये आपण जी रेघ मारतो ना, ती मारणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये हा कूपर होता. पुढे त्याचं काम उजेडात आणलं ते रिखार्ड आन्शुट्झ यांनी, म्हणजे केकुलेच्याच विद्यार्थ्याने.

आता पुढचा प्रश्न. चार हात असतात ते कुठल्या दिशेला? वहीत आपण कार्बन मधे लिहून वर-खाली-डावी-उजवीकडे रेघा मारतो. तसा तो खरंच सपाट असता तर मिथिलीन क्लोराइडचे दोन प्रकार मिळाले असते: एकात दोन्ही क्लोरीन शेजारी-शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. पण प्रयोगशाळेत नेहमी एकच प्रकार मिळतो. १८७४ मध्ये २२ वर्षांच्या व्हान्ट हॉफ या डच तरुणाने, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या ल बेल याने, सांगितलं की कार्बनचे हात कागदाच्या पातळीत नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे असतात. म्हणजे तीन पायांची घडवंची आणि वर एक दांडा, कुठलेही दोन हात घ्या, मधला कोन १०९.५ अंश. हेरमान कोल्बे या नामवंत जर्मन प्राध्यापकाने १८७७ मध्ये याची जाहीर टर उडवली, कारण व्हान्ट हॉफ तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात नोकरीला होता. पुढे १९०१ मध्ये केमिस्ट्रीचं पहिलं नोबेल त्याच व्हान्ट हॉफला मिळालं, तेही वेगळ्याच कामासाठी. सध्या कुणी तुमच्या कॉलेजच्या नावावरून टोमणे मारत असेल तर हे लक्षात ठेवा.

एकेरी, दुहेरी, तिहेरी

कार्बन शेजाऱ्याला एक हात देतो, दोन देतो, तीनही देतो. आकडे बघू. बंधाची लांबी पिकोमीटरमध्ये आणि तो तोडायला लागणारी ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये आहे. ही ऊर्जा सरासरी असते, पुस्तकागणिक थोडी इकडे-तिकडे होते.

एकेरी बंध: लांबी १५४, ऊर्जा ३४७.
दुहेरी बंध: लांबी १३४, ऊर्जा ६१४.
तिहेरी बंध: लांबी १२०, ऊर्जा ८३९.

हात वाढले तसे अणू जवळ आले, हे सरळ आहे. पण ऊर्जा नीट बघा. ३४७ ची दुप्पट होते ६९४. दुहेरी बंध भरतो ६१४. म्हणजे दुसऱ्या हाताची पकड २६७ चीच. तिसऱ्याची त्याहून कमी, २२५. असं का? पहिला बंध, ज्याला सिग्मा म्हणतात, तो दोन अणूंच्या बरोबर मधल्या सरळ रेषेवर असतो, रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या कपलिंगसारखा. दुसरा आणि तिसरा, म्हणजे पाय बंध, त्या रेषेच्या बाजूने धरलेले असतात. समोरासमोरच्या पकडीची ताकद बाजूच्या पकडीला येत नाही. दुहेरी-तिहेरी बंध असलेले पदार्थ जास्त चळवळे का असतात त्याचं कारण हेच. त्यांच्याकडे सुटायला तयार असा एक ढिला हात असतो.

हायब्रिडायझेशनबद्दलही इथेच एक वाक्य. एसपी३, एसपी२, एसपी हे शब्द ऐकून असं वाटतं की कार्बन आधी कुठेतरी जाऊन आपले ऑर्बिटल मिक्सरमधून काढून आणतो आणि मग बंध करतो. तसं काही नाही. अणूचा आकार जसा दिसतो तसा गणितात बसवायला लायनस पाउलिंग यांनी १९३१ मध्ये मांडलेली ती हिशोबाची पद्धत आहे. कार्बन फक्त बंध करतो, हायब्रिडायझेशन आपण करतो.

एकेरी आणि दुहेरीत आणखी एक मोठा फरक आहे. कार्पेंटरी शॉपमध्ये दोन फळ्या एकाच खिळ्याने ठोकल्या तर त्या एकमेकींवर फिरतात. दुसरा खिळा मारला की जाम. तसंच इथे. एकेरी बंधाभोवती अणू गरागरा फिरू शकतात, दुहेरी बंधाभोवती नाही. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण तिच्यावर तुमची दृष्टी चालते. डोळ्याच्या पडद्यात रेटिनल नावाचा रेणू असतो. त्याच्या एका दुहेरी बंधापाशी तो वाकलेला असतो. प्रकाश पडला की त्या बंधाची जाम झालेली फिरकी क्षणभर सुटते, रेणू सरळ होतो, आणि ‘दिसलं’ हा निरोप मेंदूकडे निघतो. हे वाक्य वाचताना तुमच्या डोळ्यात असंख्य वेळा तेच चाललं आहे.

वनस्पती तूप म्हणजे हाच खेळ. तेलाच्या लांब साखळ्यांत दुहेरी बंध असतात आणि तिथे साखळी वाकते. वाकड्या काड्यांची नीट मोळी बांधता येत नाही, म्हणून तेल पातळ राहतं. निकेलच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन घातला की दुहेरीचे एकेरी होतात, साखळ्या सरळ होतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि तेल थिजतं. या भानगडीत काही दुहेरी बंध तसेच राहतात, पण उलट्या बाजूला वळून. तेच ट्रान्स फॅट, हृदयाला घातक. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्यांचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर चालत नाही.

तिहेरी बंध बघायचा असेल तर वर्कशॉपला चला. गॅस वेल्डिंगच्या कोपऱ्यातला मरून रंगाचा सिलिंडर म्हणजे अ‍ॅसिटिलीन, दोन कार्बन तिन्ही हातांनी एकमेकांना धरलेले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून हा वायू मिळवायची रीत वोलर यांनी १८६२ मध्ये दाखवली. ऑक्सिजनबरोबर जाळला की ज्योत ३००० अंश सेल्सियसच्या वर जाते. पण हे तीन हात एवढे ताणलेले असतात की नुसता दाबून भरला तर हा वायू हवेशिवायही फुटू शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून, त्यात अ‍ॅसिटोन मुरवून, त्यात तो विरघळवून ठेवतात. सिलिंडर आडवा करू नका असं वर्कशॉपचे मामा ओरडतात ते उगाच नाही. अ‍ॅसिटोन बाहेर यायला लागतं.

पेन्सिल आणि हिरा

बेंझिनची गंमत वेगळी. फॅरेडेंनी १८२५ मध्ये हा पदार्थ शोधला, केकुलेने १८६५ मध्ये त्याचं सहा कार्बनचं रिंगण सुचवलं: एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी. मग तीन बाजू लांब आणि तीन आखूड हव्यात. पण मोजल्या तर सहाही सारख्या, सुमारे १४० पिकोमीटर, एकेरी आणि दुहेरीच्या अधेमधे. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांनी हे रिंगण सपाट असल्याचं दाखवून दिलं. दुहेरी बंधांचे सहा इलेक्ट्रॉन कुणा एका जोडीचे नाहीतच. ती सहा जणांची कॉमन मेस आहे, आणि कॉमन मेस स्वस्त पडते तसं बेंझिन जास्त स्थिर राहतं.

अशी षटकोनी रिंगणं फरशीसारखी चारी बाजूंना जोडत गेलात की ग्राफाइटचा एक थर होतो. थरातले कार्बन १४२ पिकोमीटरवर घट्ट धरलेले, पण दोन थरांमधलं अंतर ३३५. तिथे हात धरलेला नाही, नुसतं एकमेकांवर रेललेले. म्हणून कागदावर पेन्सिल टेकवली की थर सुटून येतात. ड्रॉइंगच्या शीटवर रात्रभर आपण तेच पसरवत असतो. (पेन्सिलीच्या ‘शिशा’त शिसं नसतं, ग्राफाइट आणि माती असते. माती जास्त, तेवढी पेन्सिल कडक.) २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत-सोलत एकच थर वेगळा काढला. तो ग्राफिन. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आणि हिरा? तिथे प्रत्येक कार्बन आपले चारही हात व्हान्ट हॉफने सांगितलेल्या दिशांना पसरून चार कार्बनना धरून असतो. सरकायला थरच नाहीत. तेच अणू, फक्त हात धरायची पद्धत वेगळी. एक बारा रुपयांना मिळते आणि दुसऱ्याचा भाव न विचारलेला बरा.

कार्बनच का?

हात धरायला बाकीच्यांनाही येतं. सिलिकॉन तर कार्बनच्या खालच्याच घरात राहतो, हातही चार. मग सिलिकॉनचे जीव का नाहीत?

सिलिकॉन-सिलिकॉन बंधाची ऊर्जा सुमारे २२२. सिलिकॉन-ऑक्सिजनची ४५२. म्हणजे हवेतला ऑक्सिजन दिसला की सिलिकॉन आपल्या भावाचा हात सोडून तिकडे पळतो. सिलिकॉन-हायड्रोजनची साधीशी संयुगंसुद्धा हवेत आपोआप पेट घेतात. म्हणून पृथ्वीवरचा सिलिकॉन ऑक्सिजनशी लग्न लावून वाळू आणि दगड होऊन बसला आहे. आपला सह्याद्रीचा काळा कातळ मुख्यतः याच संसाराचा.

नायट्रोजनचं उलटं. नायट्रोजन-नायट्रोजन एकेरी बंध फक्त १६० चा, कारण दोघांकडे वापरात नसलेली इलेक्ट्रॉनची जोडी असते आणि त्या एकमेकींना ढकलतात. तिहेरी मात्र ९४५ चा. त्यामुळे नायट्रोजनची लांब साखळी केली तर ती पहिली संधी मिळताच फुटून जोड्या-जोड्यांनी उडून जाते. ऑक्सिजन-ऑक्सिजन एकेरी तर १४६ वरच आहे.

कार्बनकडे रिकामी जोडी नाही, रिकामी जागाही नाही. आणि कार्बन-कार्बन ३४७, कार्बन-ऑक्सिजन एकेरी ३५८, कार्बन-हायड्रोजन ४१३, सगळं जवळपास. त्यामुळे तो कुणासाठी घाईने घर सोडत नाही, पण योग्य कारण मिळालं तर नवे संबंधही जोडतो. जगायला असाच अणू हवा.

मधे सह्याद्री आहे

इथे एक शंका यायला हवी. कार्बन एवढा स्थिर असेल तर लाकूड, पेट्रोल, गॅस जळतात कसे? आणि जळतात, तर आत्ता का जळत नाहीत? पेट्रोलच्या टाकीत हवा असते, खोलीत हवा असते, आणि आपण स्वतः तर कार्बनचेच.

आधी एक गैरसमज काढू. ‘बंध तुटल्यावर ऊर्जा बाहेर पडते’ असं व्हायवात सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. बाहेर पडते ती नवे बंध जुळताना. मेसच्या एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतं, त्यातल्या प्रोपेनचा हिशोब करू. तोडायचे: दोन कार्बन-कार्बन, आठ कार्बन-हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या पाच रेणूंमधले बंध. एकूण ६९४ अधिक ३३०४ अधिक २४९०, म्हणजे ६४८८ किलोज्यूल खर्च. जुळतात: कार्बन डायऑक्साइडचे सहा दुहेरी बंध आणि पाण्याचे आठ. एकूण ४७९४ अधिक ३७०४, म्हणजे ८४९८ जमा. निव्वळ नफा २०१०. प्रयोगातला आकडा सुमारे २०४४ आहे. दोन पानांच्या गणिताशिवाय एवढं जवळ आलो, वाईट नाही.

पण नफा नंतर, खर्च आधी. खर्चाची सोय झाल्याशिवाय धंदा सुरू होत नाही. म्हणून ठिणगी लागते. एकदा पेटलं की निघालेल्या उष्णतेतून पुढचा खर्च भागतो.

हे समजायला कोयना धरण आठवा. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यापाशी साठलेलं आहे. पश्चिमेला कोकण कितीतरी खाली आहे. पाण्याला खाली जायला आवडेल, पण मधे डोंगराची भिंत उभी आहे. म्हणून कोयना नदी समुद्र इतका जवळ असून पाठ फिरवून कराडला कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागराला जाते. माणसाने डोंगरातून बोगदे खणले, पाणी पोफळीकडे पावणेपाचशे मीटर कोसळलं, आणि त्यावर आज साडेएकोणीसशे मेगावॅटच्या आसपास क्षमतेचे वीजसंच उभे आहेत. पाण्याची उंची तीच होती, कोकणही तिथेच होतं. फक्त वाट नव्हती.

कार्बनचे पदार्थ ऑक्सिजनने भरलेल्या हवेत असेच शिवसागरासारखे आहेत. मधल्या डोंगराला केमिस्ट्रीत अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी म्हणतात. ठिणगी म्हणजे पाणी डोंगरावरून पलीकडे फेकणं. कॅटॅलिस्ट म्हणजे बोगदा. साध्या दाबाला ग्राफाइट हिऱ्यापेक्षा किंचित जास्त स्थिर असतो, म्हणजे हिशोबाने प्रत्येक अंगठीतल्या हिऱ्याचं ग्राफाइट व्हायला हवं. होत नाही, कारण चार-चार हात सोडवून पुन्हा धरायचे म्हणजे फार उंच डोंगर. ‘स्थिर’ असणं वेगळं आणि ‘टिकून’ असणं वेगळं. हिरा टिकून आहे.

आपणही टिकून आहोत. पोटातली पोळी ३७ अंशांवर सावकाश ‘जळते’ कारण शरीरातल्या एन्झाइमनी त्या डोंगरात शेकडो छोटे बोगदे खणलेले आहेत, आणि ते हवे तेव्हा उघडतात, हवे तेव्हा बंद होतात. डोंगर नसता तर आपण पेटलो असतो. बोगदे नसते तर उपाशी मेलो असतो.

आता कॅरी बॅग

इथपर्यंत कार्बनचं कौतुक झालं. आता त्याच पकडीची दुसरी बाजू.

इथिलीन म्हणजे दोन कार्बन, मधे दुहेरी बंध. प्रत्येक रेणूने आपला ढिला हात सोडून शेजारच्याला धरलं की ६१४ च्या एका दुहेरीच्या जागी ३४७ चे दोन एकेरी येतात, ६९४. दर कडीमागे ८० चा नफा आणि हजारो कड्यांची साखळी. पण इथेही मधे डोंगर आहेच. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत गिब्सन आणि फॉसेट वेगळाच प्रयोग करत होते, प्रचंड दाबाखाली. भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला. तेच पॉलिथीन. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत त्सीग्लर यांनी असा कॅटॅलिस्ट शोधला की साध्या दाबाला काम व्हायला लागलं. बोगदा मिळाला. इटलीच्या नाटा यांच्याबरोबर त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं, आणि जगाला स्वस्त पिशवी.

साखळी करायचा बोगदा सापडला. सोडवायचा नाही.

कापडाची पिशवी मातीत पुरली तर काही महिन्यांत विरते. कापूसही कार्बनचीच साखळी, मग असं का? कापसाच्या साखळीत ग्लुकोजचे मणी ऑक्सिजनने ओवलेले असतात. जंतूंची एन्झाइम नेमकी त्या ऑक्सिजनपाशी कात्री लावतात. मणी सुटला की त्याच्या अंगावरही ऑक्सिजन असतोच, त्याला पकडून पुढचे कार्बन-कार्बन बंधही तोडता येतात. ऑक्सिजन म्हणजे दाराची कडी. पॉलिथीनला दार आहे, कडी नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन. पाणी त्याला भिजवत नाही, जंतूला ते गिळता येत नाही. उन्हाने हळूहळू कुठेतरी ऑक्सिजन घुसतो, साखळी मधेच तुटते, पिशवी कडकडीत होऊन तुकडे पडतात. पण तुकडा म्हणजे लहान पॉलिथीनच. ते मातीत जातं, पाण्यात जातं, माशात जातं.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेली गटारं आणि नाले साफ करताना पिशव्यांचे ढीग निघाले. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. ती किती पाळली जाते हे हॉस्टेलच्या मागच्या भिंतीपलीकडे डोकावून स्वतःच बघा.

आशा अजिबात नाही असं नाही. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी साकाई शहरातल्या बाटल्यांच्या रिसायकलिंग केंद्रापाशी एक जंतू सापडल्याचं जाहीर केलं, तो पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक खातो. पण त्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे पीईटीमध्ये, एस्टरचा ऑक्सिजन आहे. तिथे कडी आहे. पॉलिथीनचं तसं नाही. रिफायनरीत लांब साखळ्या तोडून पेट्रोल करतात, मुंबईला माहुलच्या रिफायनऱ्यांत क्रॅकिंगचं तेच काम रोज चालतं, पण त्याला सुमारे पाचशे अंश तापमान आणि झिओलाइटचा कॅटॅलिस्ट लागतो. शिवाय कच्चा माल पाइपातून वाहत यावा लागतो. गावभर उडालेल्या, चिखलाने आणि चटणीने माखलेल्या पिशव्या गोळा करून, धुऊन, पाचशे अंशांना तापवायच्या म्हणजे हिशोब कठीण होतो. कमी तापमानाला, स्वस्तात, हवी तिथेच साखळी तोडणारा बोगदा कुणीतरी खणायला हवा.

केमिकलवाल्यांना हा कॅटॅलिस्टचा प्रश्न आहे, मेकॅनिकलवाल्यांना रिअ‍ॅक्टरचा, सिव्हिलवाल्यांना गटाराचा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला तोच तो ऑटोमॅटिक झेब्रा क्रॉसिंग करण्यापेक्षा यातला एखादा तुकडा उचलायला काय हरकत आहे? कॉन्ट्री काढू, चार ब्रँचचे चार जण जमवू. तोपर्यंत संध्याकाळी गेटबाहेर समोसे आणायला जाल तेव्हा मेसमधला डबा घेऊन जा.